सरकीच्या ढिगातल्या सळ्या

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्यातल्या एका लहानशा कंपनीनं मला जळगावच्या एका तेलगिरणीत पाठवलं. ओली सरकी ढिगात आतल्या आत तापते, कधी पेटही घेते. म्हणून ढिगात सेन्सरच्या सळ्या खुपसायच्या, तारा केबिनपर्यंत ओढायच्या आणि तिथल्या पॅनलवर प्रत्येक सळीचं तापमान बघायचं, एवढं माझं काम. दसऱ्यापर्यंत जमलं तर ठेवू, नाहीतर तुमच्या तारा गुंडाळून न्या, असं गिरणीच्या शेठनी तोंडावर सांगितलं होतं.

शिकवणारं कोणी नव्हतं. घाण्याची मोटर सुरू झाली की पॅनलवरचे आकडे पिसाळायचे. मी कॅटलॉग चाळत बसायचो आणि स्वतःलाच शिव्या घालायचो. शेवटी डोक्यात उजेड पडला की माझ्या तारा मोटरच्या केबलला चिकटून चालल्यात. सगळ्या उपसून लांबून नेल्या, आकडे गप्प झाले. इतका आनंद झाला, पण सांगायचा कोणाला?

कामगार दुपारी लिंबाखाली गोल करून भाकरी सोडायचे, भरताचा वास केबिनपर्यंत यायचा. मी आत एकटा, डबा आणि आकडे. मुकादमाला सगळे नाना म्हणत, एकमेकांना भाऊ. मी 'साहेब'. आपसात त्यांची अहिराणी चालायची, मी दिसलो की पुस्तकी मराठी सुरू. माझ्या घरी अहिराणीच होती. पण निघताना आमच्या मालकानं बजावलं होतं, तिथं साहेबासारखा राहा, नाहीतर कोणी भाव देणार नाही. राहिलो बापडा. कधीकधी अख्खा दिवस 'बरं' आणि 'चालेल' यापलीकडे तोंडातून शब्द निघायचा नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी पॅनल बघितलं. सगळ्या सळ्यांचे आकडे एकदम खाली, आणि सगळे सारखे. संध्याकाळी शेठ येणार होते. तारा तपासल्या, पॅनल उघडलं, काही सापडेना. तसाच गोदामात पळालो.

ढिगात एकही सळी नव्हती. धुऊन-पुसून, तारांसकट केळीच्या पानावर ओळीनं मांडल्या होत्या, फावडी आणि पान्यांच्या शेजारी. प्रत्येकीला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

माझं डोकंच फिरलं. "नाना, काय करी टाकं हाई?" मी ओरडलो.

"बठ्ठा हत्यारं पूजाले लागतस ना," नाना बोलून गेले. मग माझ्या तोंडची अहिराणी त्यांच्या ध्यानात आली. "आपलाच शेतस का भाऊ तुम्ही? मंग आते सांगतस?"

राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच यायचं बाकी होतं. पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत, हे मलाही घरून ठाऊक होतं. सळ्या तशाच राहिल्या. दुपारी मी लिंबाखाली जेवलो. नानांनी भाकरीवर भरताचा गोळा ठेवला आणि माझं गाव, घर, आई, सगळं विचारून घेतलं. मी बोलत सुटलो होतो.

संध्याकाळी शेठ आले. मी पॅनलचं सांगायला गेलो, पण ते पानाकडे बघत होते. आरती झाली, तेव्हा म्हणाले, "परवा कोपऱ्यातला ढीग तापल्याचं या सळ्यांनीच दाखवलं होतं. आणि आता पूजेला बसल्या म्हणजे गिरणीच्याच झाल्या. परत कशा द्यायच्या?"

काम पास झालं. याचसाठी तर जिवाचं रान केलं होतं. शेठनी तिथूनच धुळ्याला फोन लावला. आमच्या मालकानं मला शाबासकी दिली आणि सांगितलं, उद्या सळ्या परत बसव आणि दुपारच्या एस.टी.नं निघून ये.

दसऱ्याला नानांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं. जेवायला थांबा भाऊ, म्हणाले. पण गाडीची वेळ झाली होती.