विमानाची आखणी

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांचं काम माझ्याकडे असतं. आम्ही त्याला आखणी म्हणतो. बाकीचं रंगकाम उरकलं की शेवटी डोळे, आणि डोळ्यांतही अगदी शेवटी बुबुळावर एक पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. गेल्या वर्षी रोह्याहून मामांचा फोन आला, "काय गो, बारीक वर्तुळं काढशील का?" मला हसूच आलं. दिवसभर मी दुसरं करते काय!

मामा हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांना खोक्यातली छोटी विमानं जोडायचा नाद लागला. काचेच्या कपाटात विमानंच विमानं, कपबशा बिचाऱ्या ओट्यावर. पण हे विमान वेगळं होतं. लढाईत ज्या नॅट जातीच्या छोट्या लढाऊ विमानाची देखभाल तरुणपणी मामांकडे होती, ते एका दुपारी उडालं ते परतलंच नाही. वैमानिकाचे पट्टे मामांनीच आवळून दिले होते. तेच विमान आता त्यांनी जोडलं होतं. खोक्यातल्या चिकटवायच्या खुणा मात्र इंग्रजांच्या हवाई दलाच्या निघाल्या, म्हणजे आपली तिरंगी वर्तुळं हातानं रंगवणं आलं. आणि मामांचा हात तर चहाचा कप धरतानाही थरथरतो. हे एक पुरं झालं की आपण सुटलो, असं ते म्हणत. तसं खोकं पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

रविवारी ब्रश घेऊन गाडीत बसले. निडी स्टेशन गेलं तरी मी फोनवर विमानांचे फोटोच बघत होते. रोह्याला पोचल्या पोचल्या मामांचं डोकं खायला सुरुवात केली. झेंडा चौकोनी, मग विमानावर गोल का?

"गोल कुठनं पण बघ, गोलच दिसतो. विमान उलटं झालं तरी."

"पण एवढी खूण हवीच कशाला?"

"आपल्याच माणसानं आपल्याला पाडू नये म्हणून. महायुद्धात इकडच्या इंग्रजी विमानांवरचा मधला लाल गोळा काढूनच टाकलेला. जपान्यांचा लाल होता ना!"

शेपटीवरच्या पट्ट्यांत केशरी रंग दोन्ही बाजूंनी नाकाकडे असतो, हेही तेव्हाच कळलं. मग एका बाजूनं रंग उलटे दिसतात की, मी म्हटलं. "विमानाला सुलटे हायेत, बस झालं," मामा म्हणाले. मला इतकी गंमत वाटत होती की ब्रश हातात घ्यायचंच राहिलं होतं.

शेवटी बसले. मामा शेजारी श्वास रोखून. "श्वास घ्या हो मामा, मलाच गुदमरतंय," मी म्हटलं. केशरी वाळला, पांढरा वाळला. दोन्ही कुशींवरची वर्तुळं मधल्या हिरव्यासकट झाली. डावीकडचं सुरेख जमलं, मी मान तिरकी करून बघितलं, आणि मला न विचारता माझ्या हातानं पांढऱ्यात ब्रश बुडवून हिरव्यावर टिचकन ठिपका दिला.

खालचा हिरवा अजून ओला होता. पुसायला जावं तर सगळंच फासलं जाणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, सवयीनं डोळा झाला."

मामांनी भिंग घेतलं. विमान खिडकीकडे नेलं, तिरकं केलं, सरळ केलं. मी चिंधीला रॉकेल लावून तयार ठेवली.

"नको पुसू," ते म्हणाले. "गेलं तेव्हा मागं वळून बघितलंन नाय. आता बघू दे माझ्याकडं."

मग त्यांनी विमान फिरवून उजवी बाजू माझ्यापुढे धरली. तिकडेही ठिपका द्यायला सांगितलं. विमान मी त्यांच्या हातातून घेतलं आणि ठिपका दिला.