लग्नाला पैसे होते, दवाखान्याला नव्हते

"दारू प्यायल्यामुळे नाही, दारू न प्यायल्यामुळे त्याला फीट आली," डॉक्टर मला म्हणाले.

माझा मुलगा गणेश एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ऑपरेटर होता. नवरात्राची दुसरी माळ होती. घटस्थापनेपासून त्यानं बाटलीला हात लावला नव्हता आणि मी देवीला साडीचोळीचा नवसही बोलून मोकळी झाले होते. दुपारी मिलमधून फोन आला की तो मशीनजवळ पडला, तोंडाला फेस आला. सोबतच्या पोरांनी नाकाला बूट लावला, कांदा लावला, मग टेम्पोत घालून दवाखान्यात आणला. सगळ्यांना वाटलं मिरगी आहे. मलाही वाटलं. खरं सांगते, मिरगी निघाली असती तर मी पेढे वाटले असते.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'अल्कोहोल विथड्रॉवल सीझर'. रोज दारूची सवय लागलेल्या मेंदूची दारू एकदम तोडली की तो बिथरतो. अंग थरथरतं, घाम फुटतो, कधी फीट येते. मुळातल्या आजाराचं नाव 'अल्कोहोल डिपेन्डन्स', म्हणजे दारूवाचून शरीरच चालेनासं होणं. "रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका," ते म्हणाले. "जीव जाऊ शकतो. दवाखान्यात आणा." तुमच्या घरात असा माणूस असेल तर बाकी काही वाचू नका, पण एवढं लक्षात ठेवा.

आम्ही शहरात मस्तगड भागात राहतो. मी एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेबाचं काम करते. आमचे हे तहसील कचेरीतून रिटायर झालेले. गणेश एकुलता एक. सकाळी चहा घेताना त्याची कपबशी वाजायची, ते मला वर्षभर दिसत होतं. भट्टीजवळचं काम आहे, अंग आंबतं, पोरं थोडी घेतात, असं मिलमधले म्हणायचे. मीही तेच म्हणायचे. आपल्याला सोयीचं असलं की कुणाचंही पटतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो भ्रमात गेला. त्याला 'डिलिरियम' म्हणतात. चादरीवरून मुंग्या वेचायचा. नर्स जवळ आली की ओरडायचा, "बिलेट येऊन राह्यलं, बाजूला व्हा!" बिलेट म्हणजे भट्टीतून बाहेर येणारी लोखंडाची लालभडक कांडी. माझा मुलगा सगळ्या वॉर्डाला त्या कांडीपासून वाचवत होता आणि त्याचेच हात पट्टीनं पलंगाला बांधलेले होते. आमचे हे एकदा आत आले, तेवढं बघितलं आणि बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. नंतर ते आत आलेच नाहीत. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

तो शुद्धीवर आला आणि पैशाचं सुरू झालं. आमच्याकडे मेडिक्लेम होता, वर्षानुवर्षं भरलेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दारूचं कारण लिहिलंय, क्लेम बसणार नाही. रांगेतल्या एकानं कानात सांगितलं, डॉक्टरला म्हणा नुसती फीट लिही. मी गेले, म्हणाले. डॉक्टर चिडले नाहीत. "मी आज फीट लिहिली तर उद्या दुसरा डॉक्टर त्याला मिरगीच्या गोळ्या देत बसेल, आणि हा पीत बसेल," ते म्हणाले. बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीचं बिल मात्र आम्ही भरलं.

सरकारी योजनेच्या टेबलावर गेले. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, नुसतं व्यसन सोडवायचं यात न्हाई बसत. लिव्हर खराब झालं असतं तर बघता आलं असतं."

"मग लिव्हर खराब व्हायची वाट बघू का?" मी विचारलं. त्याचा काय दोष? पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत मात्र गोळ्या फुकट मिळाल्या आणि एक शांत डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी दोन शब्द समजावले. 'डिटॉक्स' म्हणजे शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवणं. ते काही दिवसांचं काम, ते झालंय. 'रिहॅब' म्हणजे दारूवाचून दिवस कसा काढायचा हे शिकणं. ते महिन्यांचं काम. ते इथं होत नाही, त्यासाठी केंद्र शोधा. "आणि लवकर शोधा," त्या म्हणाल्या. "आज तो हो म्हणतोय. हे हो फार दिवस टिकत नाही."

मग मी शोधत सुटले. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून फोन लावायचे. राज्यात अशी केंद्रं आहेत तरी किती, आणि नावं तरी काय एकेकाची, सगळी पहाट नाहीतर किरण! एकानं आधी डिपॉझिट विचारलं, पेशंटचं नाव नंतर. एकानं बागेचे आणि योगासनांचे व्हिडिओ पाठवले, तिथला महिन्याचा आकडा माझ्या पगाराहून मोठा होता. एक जण म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता पाठवा, आमची गाडी येती, चार माणसं उचलून घालतेत, बिलकुल टेन्शन घेऊ नका." ते केंद्र मी बघून आले. लोखंडी जाळी, जाळीमागं माणसं, आणि एक जण मला हातानं खुणावत होता की घरी फोन करा. कोणाच्या घरी, ते तो सांगायच्या आत मला तिथून बाहेर काढलं. येताना एसटीत मी रडले. आगीतून काढून फुफाट्यात घालायचं असेल तर घरचं काय वाईट?

धड केंद्र अखेर डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. दुसऱ्या जिल्ह्यातलं, एका ट्रस्टचं. फी इतरांपेक्षा पुष्कळ कमी. दोन अटी होत्या. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं मला दाखल करा म्हणायचं, आणि घरच्या एकानं आठवडाभर तिथल्या वर्गाला बसायचं. मी पीएफमधून उचल घेतली. गणेश गेला, पूर्ण मुदत राहिला. वर्गाला आठवडाभर मी बसले. तिथले समुपदेशक, म्हणजे बोलून उपचार करणारे, स्वतः कधीकाळी पिणारे होते. त्यांनी मला कधी सुनावलं नाही. त्या वर्गात माझ्यासारख्या बायांनी खोली भरलेली होती आणि पहिल्यांदा मला वाटलं की आपण एकट्याच नालायक नाही.

तो परत आला तेव्हा कपबशी वाजत नव्हती. मिलनं परत घेतलं. आमचे हे त्याच्याशी क्रिकेटवर बोलायला लागले. मी नवसाची साडी देवीला नेऊन दिली, म्हटलं उशिरा का होईना.

मग एका मंगळवारी तो पिऊन आला. ना सण, ना भांडण, ना कोणाचं लग्न. साधा मंगळवार.

याला 'रिलॅप्स' म्हणतात, आजार उलटणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं. शुगर वाढली म्हणून तुम्ही पेशंटला हाकलता का? पुन्हा उपचार करायचे." त्यांना काय, त्या बोलल्या. माझा पीएफ रिकामा होता. दोन महिन्यांत मिलनंही हात वर केले, नोकरी गेली. एका सकाळी गणेश स्वतः माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, मला तिकडं परत ने. मला हे जमून न्हाई राह्यलं." मी केंद्राला फोन केला. बेड मिळत होता. पैसे नव्हते.

मी माहेरी गेले. माझा धाकटा भाऊ दिगंबर हसनाबादला असतो. बागायती शेती, मोसंबीची बाग, घरी दोन गाड्या. जीव लावणारा भाऊ आहे, खोटं कशाला बोलू. त्यानं मोसंबीचा रस दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, दारू सोडवायला कुठं पैसा लागतो का? ज्याला सोडायची तो फुकट सोडतो. तिकडं पैसा घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू लगीन लावून दे त्याचं. बायको आली का बराबर ताळ्यावर येतंय."

"आणि नाही आला तर?"

"येतंय म्हणलं ना. लग्नाचा खर्चा माझ्यावर सोड. आजच्या आज अर्धे देतो."

मी पुढं जावेला, चुलत दिराला, इतकंच काय पतपेढीतल्या मॅनेजरलाही विचारून बघितलं. सगळीकडे तीच गत. दवाखान्यासाठी कुणाचा हात खिशाकडे जाईना, आणि लग्न म्हटलं की मंडप माझा, आचारी माझा. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार. आमचे हे एक दिवस हळूच म्हणाले, "लग्न ठरू दे. दिगंबर पैसे देईल, त्यातलेच आधी केंद्रात भरू. पोरगा बरा होऊन बोहल्यावर चढंल. कोणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यात वाईट काय हे मला पटकन सांगता येईना. माझ्या पोराचा उपचार त्या लग्नातून होत होता.

दिगंबरनं स्थळ आणलं. मुलीचा फोटो आला. बी.एस्सी. झालेली, चष्मा, फोटो काढताना हसू दाबलेलं. रविवारी तिचे आईवडील आमचं घर बघायला येणार होते. मी सकाळी पोहे भिजवले. गणेशनं दाढी केली, दुपारपर्यंत न पिता राहण्यासाठी ओपीडीच्या गोळ्या घेतल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला. बापाचा बेत त्याला माहीत होता. त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मुलीचे वडील शांत माणूस. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पोराला काही नाद न्हाई ना? सुपारीबिपारी?"

दिगंबर म्हणाला, "बिलकुल न्हाई. सोन्यासारखं लेकरू."

आणि मी म्हणाले, "तो दारू पितो. त्याला आजार आहे. एकदा केंद्रात उपचार झालेत, पुन्हा करायचे आहेत. तुमची मुलगी देऊ नका."

मी हे ठरवून बोलले नाही. त्या मुलीला मी ओळखतही नव्हते. तिची कीव आली म्हणावं, तर माझ्या लेकराची जास्त यायला पाहिजे होती. पण जाळीमागचा तो माणूस मला खुणावत होता आणि मी निघून आले होते. तसं दुसऱ्यांदा करवेना.

दिगंबर उठला. "आक्का, तू आई हाईस का वैरीण? चालत्या गाडीला खीळ घातली तू." त्यानंतर आजतागायत त्याचा फोन नाही. आमचे हे आत गेले. गणेश बसल्या जागेवरून उठला, मागच्या दारानं गेला आणि दोन दिवसांनी आला तो उचलून आणण्याच्या अवस्थेत. खरं बोलल्याचं बक्षीस मला हे मिळालं. सत्याचा विजय होतो वगैरे मला कोणी सांगू नये.

त्या रविवारी मुलीच्या आई तरातरा जीपकडे गेल्या. वडील चपला घालत दाराशी रेंगाळले. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलू दे, म्हटलं. त्यांनी एकदा जीपकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, त्या केंद्राचा नंबर भेटंल का?"

मला आधी कळेचना.

"आमचं थोरलं पोरगं," ते म्हणाले. "गावात कोणाला माहीत न्हाई. ते बाहेर फुटायच्या आत पोरीचं जल्दी उरकून टाकावं म्हणून राह्यलतो."

मूठ त्यांनीही झाकली होती. दोन्हीकडून दोन झाकलेल्या मुठी एकमेकांना वाङ्निश्चयाचा नारळ देणार होत्या, आणि मधे ती चष्म्यातली मुलगी.

मी त्यांना नंबर दिला. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा होतं तेवढं सगळं सांगितलं. एकदम तोडू नका. जाळीचं केंद्र असेल तर पायरी चढू नका. विमा बसेल या भरवशावर राहू नका, आधी विचारा. सरकारी ओपीडीत लाजू नका, तिथं गोळ्या मिळतात आणि माणसासारखं बोलतात. आणि बरा होऊन आला तरी नवस फेडायची घाई करू नका. ते मधे मधे हं, हं करत होते. शेवटी म्हणाले, "लगनासाठी ठेवलेल्यातून भरतो मंग."

त्यांचा मुलगा दाखल झाला. त्यांच्याजवळ भरायला होतं. गणेशसाठी विचारलेला बेड तोच होता का, हे मी केंद्राला विचारलं नाही.

हे वाचणाऱ्यांना धीर द्यावा अशी रीत आहे. माझ्याकडे तो फारसा नाही. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि समुपदेशकांचे उपकार मानते, त्यांनी माझ्या मुलाला एकदाही बेवडा म्हटलं नाही. दुसरं काही बदललं असेल तर एवढंच, की आता कोणी विचारलं तर मी सांगते. कंपनीत सांगितलं, गल्लीत सांगितलं. त्यानं पैसे उभे राहिले नाहीत. दोन बाया मात्र पदर तोंडाला लावून माझ्याकडून नंबर घेऊन गेल्या.

परवा गणेश आतल्या खोलीतून म्हणाला, "तो गेला का, ते आल्ते त्यांचा पोरगा?"

"गेला."

"टिकंल?"

"माहीत नाही रे."

तो उंबऱ्यापर्यंत आला. मग म्हणाला, "माझं बी नाव सांगून ठेव."

मी फोन लावला. समुपदेशकांनी त्याचं नाव ओळखलं, तब्येत विचारली, मग जरा अवघडून पैशाचं विचारलं.

"पैसे नाहीत," मी म्हणाले. "तो हो म्हणतोय, तेवढं आजच्या तारखेला लिहून घ्या."