धोम धरणातले पाचशे मीटर

आमच्या पलूसच्या वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्या बनतात. पण कोणी चहाला टेकलं की विचारतं नानांच्या नावेचंच. तीन वर्षांत इतकं साठलंय की आधी काय सांगावं कळत नाही.

नाना वाईचे, रिटायर्ड सुभेदार. फौजेत शिडाच्या नावा पळवायचे. पाचशे मीटर चाळीस सेकंदांत, हा त्यांचा तिथला बेस्ट टाइम. सत्तरीत त्यांना तोच मोडायचा होता. लग्नपत्रिकेच्या पाठीवर ड्रॉइंग काढून आले. मी जीव ओतून वेल्डिंग केलं. धोम धरणात नाव सोडली, तर म्हशीसारखी खाली बसली.

"नाना, लय मजबूत केलीया. धा टन माल बसंल," मी म्हणालो.

"गड्या, हिच्यात ऊस न्हाई, वारा भरायचाय."

मग दुसरी केली, ॲल्युमिनियमची. दोन सडपातळ नावा, मधे जाळी.

*

धोंडीराम बैलगाडी शर्यतीत शेवटच्या रेषेवर निशाण धरतो. तीस वर्षांत एकदा चुकला नाही, म्हणून नानांनी त्यालाच धरलं. काठाशी पाचशे मीटरवर दोन बांबू रोवले. पहिल्या बांबूपाशी मी घड्याळ चालू करायचं. नाव शेवटच्या बांबूला पोचली की धोंडीरामनं निशाण पाडायचं, की मी घड्याळ बंद.

पहिल्या दिवशी वाराच नाही. तासाभरानं धोंडीराम चालत आला.

"आवं नाना, बैलाची शेपटी तरी पिरगाळता येती. हितं काय पिरगाळू?"

*

एकदा नानांनी मोबाईलवर जगातला रेकॉर्ड दाखवला. तेच पाचशे मीटर, पंधरा सेकंदांच्या आसपास. पोरांनी ग्राइंडर बंद केले. चार वेळा बघितलं.

"इंजिन कुठं लपिवलंय?" धोंडीराम म्हणाला.

"न्हाईच."

धोंडीरामनं टोपी काढली आणि मोबाईलला हात जोडले.

*

नानांचा खांदा गेला. ऑपरेशननंतर शिडाचा दोर कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. नानांची बायको, आमच्या काकू, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सोमवारची तारीख घेतलीया. त्याच्या आदी काय उडायचं ते उडून घ्या."

रविवारी महाबळेश्वरच्या अंगानं वारा उतरला. माझ्या बांबूपासून नाना सुटले. निम्म्यात एका बाजूची नाव पाण्यातून वर उचलली गेली, छपछप थांबली आणि नुसती शीळ ऐकू यायला लागली. एवढं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नाही.

नाव शेवटच्या बांबूच्या पार गेली. निशाण पडलंच नाही.

मोटरसायकल दामटत पोचलो. धोंडीराम तसाच उभा, हात वर, डोळ्यांना धार. नानांनी नाव काठाला आणली.

"किती?"

"आवं नाना," धोंडीराम म्हणाला, "बघतच राह्यलो. पाडायचं इसरलो."

नानांनी खांदा दाबला. वर निशाणाकडं बघितलं.

"निशाण अजून वरच हाय न्हवं? मग माझी धाव संपली न्हाई."

आणि नाव परत वाऱ्याकडं वळवली. माझ्या हातातलं घड्याळ चालूच होतं.