खटक्याचा सौदा

माझ्या मुलीने पिस्तूल घ्यायचं ठरवलंय ही बातमी मला माझ्या साडूने दिली. मुलगी माझी, राहते टेक्सासमध्ये, आणि मला ते कळलं शारजात, साडूच्या घरी, साबुदाणा खिचडी खाताना. तो सहज म्हणाला, "मी तिला सांगितलं, घेच. पण सेफ्टी नसलेलं घे. ऐनवेळी खटका दाबायची आठवण कोणाला राहते?"

मी चमचा खाली ठेवला. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. आमच्या घरात त्याचा अर्थ 'दुसऱ्याच्या घरी नको' असा आहे.

साडू एका विमा कंपनीत मोठ्या पगारावर आहे. कॉलेजात दोन वर्षं एनसीसी केली, तेवढ्यावर गेली तीस वर्षं तो हत्यारांवर बोलतो. मी या देशात आलो तेव्हा माझ्याकडे एक सुटकेस आणि मोजायची टेप एवढंच होतं. आज दुबईच्या जबल अली बंदरात माझं गोदाम आहे, मोठ्या यंत्रांना लाकडी खोकी करून बोटीवर चढवायचं काम. हे मी एका वाक्यात सांगतो, साडू त्याची एनसीसी दोन तास सांगतो. आणि मुलीने सल्ला विचारला तो त्याला.

घरी येऊन मी तिला फोन लावला. ती घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पेशंट बहुतेक म्हातारे, घरं लांब लांब, मधले रस्ते सुनसान. जावयामुळे ग्रीन कार्ड मिळालेलं, त्यामुळे परवान्याची अडचण नव्हती. एक ट्रकवाला तिच्या मागे तीन दिवस येत होता, हे तिने मला तेव्हा सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "बिकॉज यू शाउट, बाबा."

पिस्तूल घेऊच नको, इथून मी सुरुवात केली. धंद्यात मी पहिला भाव असाच लावतो, समोरच्याला निघून जावंसं वाटेल असा. पण ती माझीच मुलगी. ती निघून जायला लागली. तेव्हा मी खाली उतरलो. म्हटलं, ठीक आहे, घे, पण सेफ्टीवालं घे. अंगठ्याने खटका काढल्याशिवाय गोळी सुटणार नाही असं.

"बाबा, नोबडी कॅरीज दॅट नाऊ. चापातच छोटी पट्टी असते. बोट चापावर नीट दाबलं तरच सुटतं. बोट बाहेर ठेवायचं, दॅट्स द सेफ्टी."

"माझ्या गोदामात खिळे मारायच्या बंदुकीला सेफ्टी आहे. तोंड लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. खिळ्याला सेफ्टी आणि गोळीला नाही?"

"पण त्याला अंगठा लागत नाही ना? तेच म्हणतेय मी. कोणी अंगावर आला तर माझे हात थरथरतील. तेव्हा मी खटका शोधत बसू?"

तिचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. पण ते साडूचंही म्हणणं होतं.

महिनाभर फोनवर हेच चाललं. ती म्हणायची, खटका विसरला तर मी मरेन. मी म्हणायचो, खटका नसला आणि पर्समध्ये चापात किल्ली अडकली तर? ती म्हणायची, पिस्तूल पर्समध्ये किल्ल्यांबरोबर ठेवायचं नसतं, त्याचं कडक म्यान असतं. मी म्हणायचो, तू शाळेत असताना डबा तरी जागेवर ठेवायचीस का? शेवटी सौदा झाला. डिसेंबरात ती इकडे येणार होती. दुबईत नेमबाजीचे क्लब आहेत, पिस्तूल भाड्याने मिळतं, शिकवणारा शेजारी उभा असतो. ती बिनसेफ्टीच्या पिस्तुलाने मारणार, मी सेफ्टीच्या. माझा वेळ तिच्याइतका आला, तर ती खटकेवालं घेणार. नाही आला, तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"पण तू तर शिकून येणार," मी म्हणालो.

"तुम्ही पण शिका. वन मंथ आहे."

मी शिकलो. माझ्या गोदामातल्या सुताराला मालाखाली घालायच्या जुन्या पॅलेटच्या फळीतून पिस्तुलाच्या आकाराचा तुकडा कापायला लावला. त्याच्या डाव्या बाजूला, अंगठा पोचेल तिथे, टेबललॅम्पचं एक बटण स्क्रूने बसवलं. ते मी घराबाहेर काढलं नाही, तेवढी अक्कल मला आहे. दुबईत अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज चहानंतर शंभर वेळा: हात वर, अंगठ्याने बटण खाली, बोट आत. बटण खाली म्हणजे चालू. बायको भाजी निवडत बघायची. एकदा म्हणाली, "अहो, फ्रिजवर नका धरू. त्याचं वॉरंटी कार्ड सापडत नाहीये."

पंधरा दिवसांत अंगठा असा तयार झाला की लिफ्टमध्ये मजल्याचं बटणही मी खालीच ओढायला जायचो.

मुलगी आली. लाकडी पिस्तूल बघून सोफ्यावर आडवी होऊन हसली, मग उठून स्वतः दोनदा बटण दाबून बघितलं. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. साडूला मी बोलावलं नव्हतं. तो वेळ मोजायला आला होता. मुलीने बोलावलं होतं.

क्लबच्या पार्किंगमध्ये एका गाडीने आमची जागा घेतली. मी काही बोलायच्या आत मुलीने काच खाली केली आणि त्या माणसाला जे ऐकवलं ते इंग्रजीत होतं, पण सूर माझा होता. तो गाडी काढून गेला. साडू मागच्या सीटवरून म्हणाला, "शेठ, ट्रेडमार्क तुमचाच." मी हे लक्षात ठेवलं.

आत शिकवणारी एक फिलिपिनो बाई होती, माझ्या खांद्याएवढी, आवाज अगदी हळू. शर्यत वगैरे चालणार नाही, ती म्हणाली. मी तिला सांगितलं की शर्यत नाही, एकेकटे मारणार, फक्त घड्याळ लावणार. पाच मिनिटांत ती तयार झाली: पिस्तूल दोन्ही हातांत, नळी समोर जमिनीकडे, ती 'गो' म्हणाली की वर करून एक गोळी.

मग ती काउंटरवर दोन्ही पिस्तुलं समजावून द्यायला लागली. त्याच वेळी मी काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाशी पॅकेजचं बोलत होतो. पन्नास गोळ्यांचं पॅकेज होतं, आम्ही मारणारे दोघंच, तिसरा नुसता घड्याळवाला. मग कागदी लक्ष्यं दोन जास्त का नाहीत? तो म्हणाला, सर, फिक्स प्राइस. मी म्हटलं, हबीबी, फिक्स काही नसतं. तिकडे बाई बोलत होती, मी मान हलवत होतो. तिने विचारलं, "ओके, सर?" मी म्हटलं ओके. लक्ष्यं दोन जास्त मिळाली.

आधी मुलगी उभी राहिली. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. बाई म्हणाली, "गो." तिचे हात वर गेले आणि आवाज झाला. कागदावर मधल्या वर्तुळाच्या कडेला भोक. ती तीनदा मारून आली. साडूने फोनवरचं घड्याळ मला दाखवलं. चांगलं होतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याचा राग आला.

मग मी. हातात पिस्तूल आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की पॅलेटच्या फळीला वजन नव्हतं. खटका बरोबर अंगठ्यापाशी होता. महिनाभराचा सराव अंगठ्यात होता. मुलगी मागे भिंतीपाशी उभी, साडू माझ्या डाव्या हाताला थोडा मागे, फोन वर धरून.

"गो."

हात वर. अंगठा खाली. बोट आत. चाप मऊसा मागे आला आणि काहीच झालं नाही.

पुन्हा अंगठा खाली, जोरात. पुन्हा चाप. काही नाही. तिसऱ्यांदा. मला एकदम दिसलं की काय झालंय: यांनी मला बिघडलेला माल दिलाय. दोन कागदांचा सूड. तीस वर्षं मला कोणी बिघडलेला माल दिलेला नाही, आणि आज, या माणसासमोर, माझ्या मुलीसमोर. मी वळलो. "ये चलता ही नहीं है," असं म्हणत, माल दाखवतात तसा हात पुढे करून, मी सरळ साडूकडे वळलो.

त्या छोट्या बाईने माझं मनगट धरून समोरच्या, गोळ्या अडवणाऱ्या वाळूच्या भिंतीकडे कधी फिरवलं ते मला कळलंही नाही. कळलं तेव्हा दुसऱ्या हाताने ती माझं बोट चापावरून काढत होती. साडू फोन तोंडासमोर धरून उभा होता, जणू फोन गोळी अडवणार होता. घड्याळ चालू होतं.

तिने पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला. आतली गोळी उडून तिच्या तळहातावर पडली. ती तिने मला दाखवली. मग खटक्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाली, "सर, आय टोल्ड यू. अप इज फायर. डाउन इज सेफ." आणि साडूकडे मान करून, "दिस वन वॉज गोइंग टु हिम."

म्हणजे माल ठीक होता. या पिस्तुलाला खटका वर केला की चालू, खाली म्हणजे बंद. मी तीनदा सगळी ताकद लावून ते बंदच ठेवलं होतं.

साडूने घड्याळ थांबवलं. मग तो खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. बाईने आम्हाला त्या दिवसापुरतं पुरे म्हणून सांगितलं. राहिलेल्या गोळ्यांचे पैसे परत मिळतील का, हे विचारायचं माझ्या मनात आलं. विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी गाडी चालवत होती, मी शेजारी. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, यू लॉस्ट."

"हरलो."

"आणि माझा पॉइंट प्रूव्ह झाला. प्रेशरमध्ये खटका चुकतो. तुमचा महिनाभराच्या प्रॅक्टिसनंतर चुकला."

"चुकला."

मागून साडू म्हणाला, "पण बेटा, खटका होता म्हणून मी आहे."

"काका, बोट चापावर ठेवून त्यांनी गन तुमच्याकडे वळवली. रूल त्यांनी तोडला. खटक्याचा काय संबंध? अशा माणसाने गन हातातच घेऊ नये, एवढंच प्रूव्ह होतं."

आता माझ्याकडे एकच माल उरला होता. तो विकायची लाज वाटत होती. धंद्यात मी कधी स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली नाहीत. पण शब्द दिला होता की हरलो तर तोंड उघडणार नाही, आणि घर यायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी तोंड उघडत नाही. फक्त विचारतो. अशा माणसाने घेऊ नये म्हणतेस, ते बरोबर आहे. ज्याचं डोकं एका क्षणात फिरतं, मग हातात काय आहे ते ज्याला आठवत नाही. मघाशी पार्किंगमध्ये काच कोणी खाली केली?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते मला आवडलं नाही, कारण गाडी शंभरवर होती. मी म्हटलं, "समोर बघ."

"पण माझ्या हातात काही नव्हतं."

"आता असणार आहे."

साडू मागून काहीतरी म्हणणार होता. मी हात वर केला. पहिल्यांदाच तो गप्प बसला.

पुढचे आठ दिवस तिने विषय काढला नाही, मीही नाही. क्लबमध्ये काय झालं ते घरी बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, माल परत केला. विमानतळावर निरोप देताना मुलीच्या हातातल्या बॅगेत काहीतरी कठीण लागलं. लाकडी पिस्तूल. तिला मी सांगितलं, वेडी आहेस का, सिक्युरिटीवाले धरतील. तिने ते काढून माझ्याकडे दिलं, पण आधी नाण्याने स्क्रू फिरवून त्यावरचं बटण काढलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

महिनाभराने सकाळी, मी गोदामात एका कॉम्प्रेसरचं खोकं बंद करून घेत असताना, फोनवर फोटो आला. काळं, लहान पिस्तूल, अजून डब्यात. डाव्या बाजूला, अंगठा पोचेल तिथे, एक खटका. खाली तिने लिहिलं होतं, 'डाउन इज फायर. सेम अॅज युवर टॉय. आय टेक इट ऑफ हंड्रेड टाइम्स अ डे, एम्प्टी. हॅपी?'

मी लिहिलं, 'अमेरिकेत दिव्याचं बटण वर केलं की लागतं ना?'

'येस. सो?'

'मग घरात अंगठा गोंधळेल.'

'बाबा.'

मी पुढे लिहिलं नाही. तिने अजून एक ओळ पाठवली: 'काकांना अजून सांगितलं नाही. तुम्हालाच फर्स्ट.'

मी सुताराला खोकं तसंच ठेवायला सांगितलं, बाहेर ऊन होतं तिथे जाऊन साडूला फोन लावला. आधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोललो. त्याला खरंच माहीत नाही याची खात्री करून घेतली. मग सांगितलं.