चपाती खाल्ली, चिठ्ठी लिहिली

इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये मी फ्रेंच शिकवते. इंग्रजी शाळांतून आलेली कॉलेजची मुलं येतात आणि दर बॅचला तेच प्रश्न विचारतात. टेबल स्त्रीलिंगी का? ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे कशाला? मी इंग्रजीतून उत्तरं देते, आणि उत्तर नसलं की डोळे वटारून ‘पाठ करा’ म्हणते.

एका बॅचमध्ये चाळिशीच्या एक नर्स होत्या. मूळच्या नांदेडकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, आता जवळच हाटकेशला राहणाऱ्या. कॅनडात जिथे फ्रेंच चालतं तिथे नोकरी मिळवायची, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण माझं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी दारात चपला काढतानाच त्यांनी सांगून टाकलं की आजचा क्लास शेवटचा. इंग्रजीच कच्चं, तर फ्रेंच कुठून येणार? मी समजूत घालायला हवी होती. नुसतं ‘बघू’ म्हटलं, याची अजून लाज वाटते.

फळ्यावर होतं, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’. फ्रेंचमध्येही चिठ्ठी स्त्रीलिंगी, आणि ती क्रियापदाच्या आधी आली की ‘लिहिलं’ या अर्थाच्या ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं. एक मुलगा अडून बसला. लिहिणारा मी, मी पुरुष, मग क्रियापद बाईचं का? सगळा वर्ग त्याच्या बाजूने. मी ‘पाठ करा’ म्हणणार, तेवढ्यात नर्सबाईंनी त्याला सरळ मराठीत विचारलं,

“तुझी आई विचारते, चपाती खाल्ली का. तू काय सांगतोस?”

“खाल्ली.”

“मुलगा असून खाल्ली?”

त्याच्या शेजारचा हिंदी बोलणारा मुलगा म्हणाला, आमच्याकडे ‘रोटी खाई’. गुजराती मुलीने ‘रोटली खाधी’ जोडलं. जो नियम समजवताना माझा घसा बसायचा, तो पाच मिनिटांत सगळ्यांच्या गळी उतरला.

बाईंच्या तर जरा जास्तच उतरला. चिठ्ठी क्रियापदानंतर आली तरी त्या ‘एक्रीत’च लिहायला लागल्या. तिथे फ्रेंच माणूस बदल करत नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, चिठ्ठी आधी आली काय नि नंतर आली काय, लिहिली ती लिहिलीच ना. चूक होती, पण इतकी शहाणी चूक माझ्या वर्गात पूर्वी कोणी केली नव्हती. मला भारी आनंद झाला.

क्लास सुटल्यावर त्या रेंगाळल्या. मंगळवारी येऊ ना, असं हळूच विचारलं. याच, म्हटलं, आणि आजवर कुठल्याच बॅचला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगून टाकली, की मीही मराठी शाळेतलीच.

“माहितीये मॅडम,” त्या म्हणाल्या. “वह्या मोजताना तुम्ही ओठांतल्या ओठांत अकरा, बारा, तेरा म्हणता.”