चंदूभाऊंनी कीबोर्डला हात लावला होता

चंदूभाऊ माझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, शेवटपर्यंत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी चांगलंच लिहायचं असतं, माहीत आहे. पण माझं डोकं फिरलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानावर एका खोलीत भाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. मागे त्यांचं आणि वहिनींचं घर. मशीन सहा, त्यातल्या चालू चार.

शिकवायची पद्धत एकच. कुणी अडलं की भाऊ शेजारी खुर्ची ओढायचे आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे.

"मी कीबोर्डले हात लावत नसतो. तुझी चूक तुलेच सापडली पाहिजे."

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी गावोगावच्या तलावांची नावं गोळा केली होती. प्रत्येक गावाची वेगळी फाईल. सगळ्या फाईली एकत्र करायच्या आणि नावं अकारविल्हे लावायची, एवढंच काम. माझा पहिला पायथन प्रोग्राम.

यादी आली. पण त्यात एक तलाव असा, जो अख्ख्या जिल्ह्यात नाही.

'मोहाची बोडीगाव तलाव'.

कारधा गावाच्या फाईलमधलं शेवटचं नाव 'मोहाची बोडी', म्हणजे छोटं तळं, अड्याळच्या पहिल्या 'गाव तलाव'ला चिकटलं होतं.

भाऊ हसले. "आपल्या इथं तलावाची कमी नाही सोनू, पण ते असे चालत जात नाहीत."

तीन दिवस मी तिथेच अडकलेली. तिसऱ्या दिवशी रडूच फुटलं.

"भाऊ, आज नाही झालं तर उद्यापासून मी येत नाही. बाबा म्हणतात तसं बी.एड. करून टाकते."

"जा, तोंड धुऊन ये आधी. अन् वहिनीले चहा सांग."

परत आले तर भाऊ तसेच. हात मांडीखाली.

"आता चालवून पाह्य."

चालला! दोन्ही तलाव सुटे झाले. उठायच्या आधी मी एक ओळ बदलली होती, मला वाटलं तिनेच झालं. आत पुन्हा बघितलंच नाही. चालतंय त्याला छेडायचं नसतं, हेही भाऊंनीच शिकवलेलं.

त्यांनी पेढे वाटले. पुढे प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे, "या पोरीनं मी हात न लावता चूक शोधली."

त्या एका दिवसाच्या जोरावर मी पुण्याला गेले. इंटरव्ह्यूत हीच गोष्ट सांगितली. कामात अडले की स्वतःलाही हीच सांगत आले.

परवा वहिनींनी बोलावलं. मशीन भंगारात द्यायच्या होत्या.

"तुझ्या नावाचं फोल्डर हाये त्यात. पाहून घे."

आत माझाच प्रोग्राम, दोनदा. एक चुकलेला, एक दुरुस्त. तारीख त्याच दिवसाची, दोन्हींच्या वेळेत चार मिनिटांचं अंतर.

दुरुस्त केलेल्यात एक फाईल संपली की नवी ओळ सुरू करायची सूचना होती. ती मी लिहिलेली नाही. तेव्हा मला ती लिहिताच येत नव्हती.

"वहिनी, तुम्हाले माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं त्यायनं. तू रडून राहिली होती न. त्यायच्यानं पाहवलं नाही."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत. हसत हसत पेढे खाणारी येडी मी एकटीच. मला फसवलंत तुम्ही, दोघांनी मिळून.

काल तो चुकलेला प्रोग्राम उघडला. अर्ध्या मिनिटात चूक दिसली.

दिसणारच. आता त्याच्यावरच पोट भरते मी.

पण तेव्हा सापडली असती का? चौथ्या दिवशी? आठव्या? की खरंच सोडून दिलं असतं?

हे आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही.

दया आली, समजू शकते. मग तसं सांगायचं होतं भाऊ. एवढ्या वर्षांत एकदा तरी. मी ऐकून घेतलं असतं.

सकाळी तुमच्या फोटोला हार घातला. राग गेलेला नाही, तरी हात जोडते.

तुमचे तेवढे त्या दिवशी मांडीखाली राहायला पाहिजे होते.