आक्काच्या गोवऱ्या आणि होळीचे चोर

आमच्या घरी गोवऱ्या थापायचं काम आक्काचं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे शेणाची पाटी तिच्या वाट्याला आणि शहाणपण माझ्या. गोठ्यामागची जागा नेमकी शाळेच्या वाटेवर. मैत्रिणी नाक धरून जायच्या आणि आक्का मान खाली घालून थापत राहायची. ह्या कामाची तिला इतकी धास्ती की सकाळी म्हैस रेकली तरी तिचा चेहरा पडायचा.

त्या फाल्गुनात झरी गावच्या मावशीकडं टीव्ही आला. आईनं सांगून टाकलं, "होळीपस्तोर जिच्या गोवऱ्या चांगल्या होतील, ती पाडव्यापर्यंत झरीला. दुसरी हितं शेणात."

आक्का महिनाभर थापतच होती. मला जाग आली शेवटच्या आठवड्यात. पण मी पडले हुशार. शेणात भुसकट कालवत बसायला वेळ कुणाला? भाकरीच्या चौपट जाड गोळा बडवायचा, वर पाच बोटं उमटवायची, की झाली गोवरी. बघता बघता माझी रास आक्काच्या राशीएवढी झाली. टीव्हीसमोर कुठं बसायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

होळीला गोवऱ्या चोरायची आमच्याकडं रीतच. एकदा होळीवर पडलेली गोवरी परत मागायची नाही. मागितली तर अख्खं गाव हसतं. म्हणून त्या दुपारी आम्ही दोघी काठ्या घेऊन पहाऱ्याला. तेवढ्यात आईनं आक्काला पुरण वाटायला हाक मारली.

आक्का जाताना म्हणाली, "जागची हलू नको, बरं का."

"मी हाय की. वाघ आला तरी येऊ दे."

वाघ नाही, गल्लीतला एक शेंबडा पोरगा आला. गोठ्याच्या भिंतीआडून डोकावला आणि पळाला. मी काठी उगारून त्याच्या मागं. बाभळीला वळसा, चावडीवरून, थेट मारुतीच्या पारापर्यंत! धरलाच त्याला. त्याचे दोन्ही हात रिकामे. वर दात काढून विचारतो, "कामून पळायलीस गं?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. धापा टाकत परत आले तर आक्काची रास गायब, माझी जशीच्या तशी. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आक्का पुरणाच्या हातांनीच धावत आली आणि मटकन खाली बसली.

तिच्यामागून आई आली. मी तिला म्हणाले, "माझ्या तर हायत न्हवं? मग झरीला मीच."

आईनं माझी एक गोवरी उचलली. ती मधोमध तुटून आईच्या पायावर पडली. आत ओलं शेण, त्यात दोन किडे निवांत.

आई म्हणाली, "चोरानंबी हिला हात लावला न्हाई बघ. आक्के, पिशवी भर तुझी. गावातल्या पोरांनीच पारख केली."

आक्का रडता रडता हसायला लागली, ती थांबेचना.

दुसऱ्या दिवशी धुळवडीचा रंग उडत होता. मी पाटी घेऊन गोठ्यामागं बसले होते. झरीला निघालेली मामाची बैलगाडी शेजारून गेली. आक्का नवं परकर-पोलकं घालून मागं बसलेली. गाडी वळणावर गेली तरी तिचा आवाज येतच होता, "भुसकट घाल गं! पातळ थाप! आन् जाड थापलीस तर मी आल्यावर उलथून टाकीन!"